आजारपणातली उसनवारी

खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयातून सोडतात, तेव्हा ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, टाके सुकत आलेले असतात, वॉकर धरून चार पावलं टाकूनही झालेली असतात. अडचण पुढे असते. घरातला दिवाण जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, संडास भारतीय बैठकीचा आणि सकाळी हातात पडलेल्या डिस्चार्जच्या कागदावर खाली तीन ओळी: वॉकर, कमोड चेअर, एअर बेड. या वस्तू संध्याकाळपर्यंत आणायच्या कुठून? विकत घ्याव्यात तर दोन-तीन महिन्यांच्या गरजेसाठी मोठा खर्च, आणि तोही रुग्णालयाचं बिल नुकतंच भरल्यावर.

अशा वेळी इमारतीतलं कोणीतरी म्हणतं, "त्या हॉलच्या मागे एक खोली आहे बघा. तिथे मिळतं सगळं."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा 'शेजार' हा विषय दिला आणि मला ही खोली आठवली. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या गावांत आणि उपनगरांत ती कुठे ना कुठे आहे. पाटीवर 'रुग्णसाहित्य केंद्र' किंवा 'रुग्णोपयोगी साहित्य' असं लिहिलेलं असतं, कधी पाटीच नसते. कुठे ती ज्येष्ठ नागरिक संघाची असते, कुठे गणेश मंडळाची, कुठे रोटरी-लायन्सची, कुठे जैन संघाची, कुठे रा. स्व. संघाच्या जनकल्याण समितीची. चालवणारे कोणीही असोत, आतला कारभार जवळपास सारखाच असतो. तो कसा चालतो हे पाहायला मी डोंबिवलीला गेलो.

जिन्याखालची खोली

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीच्या जिन्याखाली शटर आहे. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ ते वर असतं. आत शिरताना मान वाकवावी लागते. व्हीलचेअर घडी घालून भिंतीला टेकवलेल्या, वर दोरीला जोडीजोडीनं बांधलेल्या कुबड्या, प्रत्येक जोडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. एका कोपऱ्यात सलाईनचे स्टँड, दुसऱ्यात चार पायांच्या काठ्या. एअर बेड गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पंप वेगळे. बेडपॅन आणि युरिन पॉट नवेच द्यायचे आणि परत घ्यायचे नाहीत, असा इथला नियम आहे. खोलीला फिनेलचा वास येतो आणि तो मला चांगला वाटला, कारण परत आलेली प्रत्येक वस्तू इथे धुतली जाते, जंतुनाशकानं पुसली जाते आणि गच्चीवर उन्हात ठेवून मगच चिठ्ठी लावून आत येते.

टेबलामागे बसणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. केंद्राचं आणि कोणाचंही नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. फोन वाजत होता. पलीकडचा माणूस घाईत होता.

"पेशंट तुमच्या कोण?" काकांनी विचारलं. "आई? बरं. आधी सावकाश बोला. मजला कितवा? लिफ्ट आहे? बाथरूमचं दार किती रुंद आहे? पट्टी नसेल तर वीत लावून सांगा, चालेल. पलंगाजवळ प्लग आहे का? आईंचं वजन साधारण किती? आणि दिवसभर त्यांच्याजवळ कोण असतं?"

हे प्रश्न कुठे छापलेले नाहीत. वस्तू घरोघर जाऊन, तिथे निरुपयोगी ठरून परत आल्या, त्यातून ते ठरत गेले. मोठ्यांसाठीची साधी व्हीलचेअर पंचवीस इंचांच्या आसपास रुंद असते. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींत बाथरूमचं दार पुष्कळदा २ फुटांचं. म्हणजे खुर्ची दारापर्यंत जाते आणि तिथे थांबते, पुढे माणसाला उचलून न्यावं लागतं, आणि नेमकं तिथेच पुन्हा पडण्याचं भय. म्हणून अशा घराला व्हीलचेअर देण्याऐवजी पलंगाशेजारी ठेवायची कमोड खुर्ची देतात. प्लगचं विचारायचं कारण असं, की एअर बेडचा पंप दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. एक्स्टेंशनची वायर खोलीभर पसरली, तर वॉकरनं चालणारा तीतच अडकतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काका नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहितात. 'सून, नोकरी.' 'पती, वय ८१.' 'कोणी नाही, मुलगा न्यू जर्सीत, ब्युरोची बाई.' वही चाळताना हा रकाना वाचत गेलो, तेव्हा मला या गावाची आजची स्थिती त्यात दिसली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक ९.९ टक्के होते, म्हणजे दहांतला एक. त्यानंतर आयुर्मान वाढलं आहे, मुलं दूर गेली आहेत, आणि रुग्णालयातला मुक्काम मात्र आखडत गेला आहे. पूर्वी जे आजारपण वॉर्डात पार पडायचं त्याचा मोठा भाग आता घरात पार पडतो आणि तो सांभाळायला घरात एक-दोनच माणसं असतात.

सरकारी योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना तिच्यातून काठ्या, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्रं, चष्मे, कवळ्या मिळतात आणि कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ते साहित्य पुरवते. राज्य सरकारनं २०२४ साली आणलेल्या योजनेत पासष्टीपुढच्या कमी उत्पन्नाच्या नागरिकाच्या खात्यात ३००० रुपये जमा होतात. कायमची गरज असणाऱ्यांना यांचा खरोखर उपयोग आहे. पण शिबिर त्याच्या तारखेला भरतं आणि माणूस बाथरूममध्ये आज पडतो. ज्याला फक्त दहा आठवडे वॉकर हवा, त्याला तो उसना मिळणंच सोयीचं. मधली ही जागा शेजाऱ्यांनी भरून काढली आहे.

ही उसनवारी तशी जुनी आहे. कोकणात आणि घाटावर लग्नाकार्याची मोठी भांडी गावकीची असत. तांब्याचे हंडे, परात, झारे, पातेली एका घरात ठेवलेली, त्यावर गावाचं नाव कोरलेलं, आणि कोण घेऊन गेलं याची वही. घासून परत करायची, पोचा आला तर काढून द्यायचा. रुग्णसाहित्याची पद्धत या वहीतूनच आली असावी असं मला वाटतं. अनामत रक्कम, पावती, परतीचा दिवस, सगळं तेच. मुसलमान मोहल्ल्यांतला बैतुलमाल, म्हणजे समाजाचा सामायिक निधी, याच गरजा वेगळ्या वाटेनं भागवतो, आणि वसईच्या चर्चमधून संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजाऱ्यांच्या घरी जातात.

मनगटाएवढी उंची

एक मुलगा वॉकर न्यायला आला. ऑफिसची बॅग पाठीला तशीच. पावती झाली, अनामत दिली, वॉकर उचलून तो निघाला. काकांनी त्याला थांबवलं.

"वडिलांची उंची?"

"माझ्याएवढीच असेल."

काकांनी त्याला सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले, आणि वॉकर पुढ्यात ठेवला. मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो आणि भार हातावर नीट येतो. मूठ वर राहिली तर खांदे उचलले जातात, खाली राहिली तर माणूस पुढे झुकतो आणि तोंडावर पडतो. वॉकरच्या चारही पायांना भोकं असतात, त्यांतली पितळी बटणं दाबून पाय खाली-वर करता येतात. चारही पायांचं भोक एकच हवं. काकांनी प्रत्येक पायावरची भोकं बोटानं मोजली, मग खाली बसून रबरी टोप्या पाहिल्या. एकीची कड झिजून गुळगुळीत झाली होती. ड्रॉवरमधून नवी काढून बसवली.

"ओल्या लादीवर ही घसरते," ते म्हणाले. "दर पंधरा दिवसांनी बघायची. झिजली की मला फोन करायचा, दुकानात जायचं नाही."

मग वॉकरनंतर हाती येणाऱ्या काठीचं. आपल्याकडे दुखऱ्या पायाच्या बाजूच्याच हातात काठी धरणारे किती दिसतात! काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. दुखरा पाय पुढे पडतो तेव्हा काठी दुसऱ्या बाजूनं त्याच्याबरोबर पुढे पडते आणि भार वाटला जातो. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. मुलगा हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होता. काकांनी त्याला जिन्याच्या तीन पायऱ्या काठी धरून चढायला आणि उतरायला लावल्या. पहिल्यांदा तो उतरताना चुकला, दुसऱ्यांदा जमलं.

या सगळ्याला जेमतेम पाव तास गेला असेल. दुकानात वॉकर विकत मिळतो, पण हा पाव तास बहुतेक ठिकाणी मिळत नाही. या खोलीतून माणसाला मिळणारी सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे, असं माझं मत झालं.

चादर

केंद्रात आठवड्यातून दोनदा एक बाई येतात. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांची उभी हयात गेली. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचं काम खोलीबाहेरचं. एअर बेड किंवा डोक्याकडून उचलता येणारी फाउलर कॉट ज्या घरी जाते त्या घरी त्या स्वतः जाऊन येतात.

त्यांच्याबरोबर मी एका घरी गेलो. अर्धांगवायूचा झटका आलेले आजोबा, ऐंशीच्या घरातले. उजवी बाजू गेलेली, बोलणं अस्पष्ट, पण नजर सगळीकडे फिरणारी. सून एकटी घरात होती. सिस्टरनी आल्याआल्या आजोबांना "नमस्कार, मी बघायला आलेय हं तुम्हाला," असं सांगितलं, हात धुतले आणि मगच पांघरूण बाजूला केलं. टाचा पाहिल्या, माकडहाडावरची जागा पाहिली, खांद्याची पाती पाहिली. तिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की त्या जागेचा रक्तपुरवठा दाबला जातो, कातडी आधी लाल होते, मग काळपट, मग फुटते. लाल जागा बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिली तर सावध व्हायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढी लाली होती. सिस्टरनी दाबून पाहिलं. पांढरी पडली.

"एअर बेड आणलाय ना, मग आता कूस बदलायची गरज नाही, असं वाटलं मला," सून म्हणाली.

एअर बेडमधल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, म्हणजे दाबाची जागा बदलत राहते. त्यानं मदत होते, पण दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही. सुनेनं मान हलवली. मग हलकेच म्हणाली, "मला उचलवत नाहीत हो ते. माझीच पाठ धरलीये."

सिस्टरनी कपाटातली एक जुनी, मऊ, सुती चादर मागितली. तिची दुहेरी घडी घातली आणि आजोबांना एका कुशीवर वळवून, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी ती खाली सरकवली, मग दुसऱ्या कुशीवर वळवून पलीकडून ओढून घेतली. आता आजोबा चादरीच्या पट्टीवर होते. "दोघींनी दोन बाजूंनी चादर अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायची. मुठी वरच्या बाजूला. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. एक, दोन, तीन म्हटलं की चादरीसकट जरासं उचलून वर सरकवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते." मला दुसऱ्या बाजूला उभं केलं. तीन म्हणताच आजोबा वीतभर वर, उशीपाशी आले. सुनेला ते इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तिनं दोनदा करून पाहिलं.

पण चादरीला दोन माणसं लागतात. सिस्टरनी विचारलं, "शेजारी कोण आहे?" समोरच्या घरात एक कॉलेजातली मुलगी राहत होती. सिस्टरनी स्वतः बेल वाजवून तिला बोलावलं, तिच्याकडून एकदा करून घेतलं आणि विचारलं, "संध्याकाळी कॉलेजहून आल्यावर एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा, येशील?" मुलगी "हो" म्हणाली. तिला कोणी आधी विचारलंच नव्हतं.

उतरताना सिस्टर जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत देतो: "पेशंटची विचारपूस करायला पुष्कळ लोक येतात. सफरचंदं घेऊन येतात. तिची कोणी करत नाही. त्या बाईला आठवड्यातून दोन तास घराबाहेर पडता आलं पाहिजे. तिला भाजी आणायला जाऊ द्या, देवळात जाऊ द्या, नुसती खाली बाकावर बसू दे. तेवढा वेळ कोणीतरी आजोबांपाशी बसायचं." केंद्रातल्या चार-पाच स्त्रिया आता हे 'दोन तास' द्यायला लागल्या आहेत. मागणी फार मोठी आहे, स्त्रिया चार-पाचच आहेत.

'हे आधी कोणी वापरलंय का?'

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, विशेषतः कॉटबद्दल. ज्या कॉटवर कोणी गेलं ती घरात आणायला लोक बिचकतात. काका खोटं बोलत नाहीत. "वापरलीये. कित्येकांनी. त्यांतले बरेच जण उठून चालायला लागले, काही गेले," असं सांगतात आणि गप्प बसतात. बहुतेक लोक घेऊन जातात. गरज भीतीपेक्षा मोठी असते.

आजारी माणसाला अर्धवट बसतं करून ठेवलं पाहिजे, हे ज्यांच्या नावानं ही कॉट ओळखली जाते ते ब्रुकलिनचे शल्यचिकित्सक जॉर्ज फाउलर १९००च्या सुमारास सांगत होते. पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग उचलला जातो. झोपल्या झोपल्या पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याचा, पुढे न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. बसतं करून भरवलं तर तो पुष्कळ कमी होतो. ही लोखंडी कॉट जिन्याच्या वळणावर मात्र हमखास अडते. म्हणून केंद्रानं आता दोन तुकड्यांत सुटणाऱ्या कॉटच घ्यायचं ठरवलं आहे, आणि पाना-पक्कड घेऊन दोघांनी बरोबर जायचं.

एप्रिल-मे २०२१ या केंद्राला विसरता येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन काँसन्ट्रेटरसाठी फोन रात्रंदिवस वाजत होते. हे यंत्र सिलिंडरसारखं साठवलेला ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतली हवा ओढतं, झिओलाइटच्या खड्यांमध्ये तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतं आणि उरलेला नव्वद टक्क्यांपुढचा ऑक्सिजन नळीतून सोडतं. मिनिटाला ५ लिटर देणारं यंत्र सौम्य-मध्यम त्रासाला पुरतं, गंभीर रुग्णाला पुरत नाही. यंत्रं मोजकीच होती, मागणारे शेकडो. कोणाला द्यायचं, हे काकांनी आणि मंडळींनी ठरवायचं! त्यांनी ते स्वतः ठरवायचं नाकारलं. परिसरातल्या तीन डॉक्टरांना फोनवर घेतलं, डॉक्टर सांगतील त्या घरी यंत्र आणि रुग्णालयात खाट मिळताच तासाभरात ते पुढच्या घरी. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. मदत करणाऱ्याच्या हाती निवड आली की ओळखीपाळखी आत शिरतात, आणि त्या शिरू नयेत म्हणून या माणसांनी आपणहून स्वतःचे हात बांधून घेतले.

वस्तू परत येण्याचीही एक रीत आहे. काही वॉकर आनंदानं परत येतात, बरोबर पेढ्यांचा बॉक्स. काही वस्तू चौदाव्या-पंधराव्या दिवशी येतात. मी बसलो असताना एक गृहस्थ एअर बेड घेऊन आले. दाढी वाढलेली, डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस. काकांनी वही उघडली नाही. त्यांना बसवलं, पाणी दिलं, "कधी?" एवढंच विचारलं. ते पुष्कळ वेळ बोलत राहिले. बायकोचं शेवटचं दुखणं, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, रात्री पंप बंद पडला होता तो कोणी येऊन दुरुस्त केला. काका ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर अनामत परत द्यायला ड्रॉवर उघडला, तर गृहस्थ म्हणाले, राहू द्या, कोणाला तरी उपयोगी पडेल. या खोलीतल्या निम्म्याहून अधिक वस्तू अशाच पैशांतून आल्या आहेत.

न परतणाऱ्या वस्तूही असतात. काठ्या आणि वॉकर बरेचदा माळ्यावर जातात आणि विसरले जातात. काका तीन महिन्यांनी फोन करतात, तगादा म्हणून करत नाहीत. "बाबा आता कसे चालतात?" असं विचारलं की पलीकडच्याला आपोआप आठवतं.

जांभ्याच्या पायऱ्या

डोंबिवलीत जे चालतं ते सगळीकडे चालत नाही. संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत मी गेलो. वाडीपर्यंत गाडी जात नाही. शेवटचा टप्पा जांभ्याच्या पायऱ्यांचा, मध्ये एक पऱ्या, पावसात त्यावर साकव. वाडीतले कर्ते पुरुष मुंबईत. त्यांच्या मंडळानं काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं दोन व्हीलचेअर पाठवल्या. त्या अजून देवळाच्या सभामंडपात आहेत, जवळपास न वापरलेल्या. चाकांना फिरायला सपाट जागा आहे तो फक्त सभामंडपच.

आजारी माणसाला रस्त्यावर आणायची इथली जुनी रीत म्हणजे डोली. दोन बांबू, मध्ये घोंगडी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची, सुंभानं आवळून बांधलेली, आणि चार खांदे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत माणसाला पोचवायचं काम वाडीचंच. साठीच्या आतले चार पुरुष वाडीत कायम असतातच असं नाही. म्हणून आता खालच्या वाडीतल्या आणि पलीकडच्या बौद्धवाडीतल्या पोरांचे नंबर एका कागदावर लिहून सगळ्यांच्या भिंतींना लावले आहेत. फोन गेला की हातातलं टाकून यायचं. लावणीच्या दिवसांत ते चिखलाच्या पायांनी येतात. पूर्वी कोणाच्या खांद्यावरून कोणाला न्यायचं याचेही विचार व्हायचे, असं तिथल्या एका आजींनी मला सांगितलं. आता विचारायला वेळही नाही आणि माणसंही नाहीत. हे गरजेतून झालं असेल, पण झालं ते चांगलं झालं.

गणपतीत मुंबईकर आले तेव्हा मंडळाची बैठक बसली आणि या वेळी आधी वाडीतल्या बायकांना विचारलं गेलं. त्यांची मागणी साधी होती: घडीचं स्ट्रेचर, पट्ट्यांसकट, म्हणजे उतारावर माणूस घसरणार नाही. पाय कमीजास्त करता येतील अशी कमोड खुर्ची, कारण सारवलेली जमीन सपाट नसते. आणि दोन चांगल्या बॅटऱ्या. तीन वस्तू मिळून खर्च फार मोठा नव्हता. त्या आल्या, आणि त्या वापरात आहेत.

कोझिकोडचं उदाहरण

शेजाऱ्यांच्या जोरावर आजारपण सांभाळण्याचं देशातलं सर्वांत मोठं काम केरळमध्ये झालं. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनासाठी एक संस्था काढली. बरा न होणारा आजार असलेल्यांच्या वेदना कमी करायच्या, हा हेतू. रुग्णालयात बसून हे जमणार नाही, रुग्ण घरात आहेत आणि त्यांच्या अडचणी औषधांपुरत्या नाहीत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारचे लोक शिकवून तयार केले गेले: दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी. ते जखम धुवायला शिकले, रुग्णाशी बोलायला शिकले, घरात तांदूळ आहे का, मुलं शाळेत जातात का, हेही पाहू लागले. बरोबर प्रशिक्षित परिचारिका, मागे डॉक्टर. खर्च मुख्यतः लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून. २००८ साली केरळ सरकारनं यासाठी धोरण जाहीर केलं, आणि पुढे ग्रामपंचायतींनी गृहभेटी देणाऱ्या परिचारिका नेमल्या.

महाराष्ट्रातही मोठ्या संस्था आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. त्यांचं काम मोलाचं आहे. पण गल्लीगल्लीत शिकवलेले शेजारी ही गोष्ट आपल्याकडे अजून व्हायची आहे. वस्तू देण्यात आपण मागे नाही. चादर धरायला दुसरा माणूस कुठून आणायचा, यावर मात्र आपण बोलत नाही. गृहभेटीचं आठ-दहा तासांचं साधं शिक्षण प्रत्येक केंद्रानं आपल्या भागातल्या परिचारिकेकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून सुरू केलं, तर ते उद्याही होण्यासारखं आहे.

खांदे

डोंबिवलीच्या केंद्राला आज पैशांची चणचण नाही. जागा अपुरी आहे, पण चालतं. अडतं ते माणसांपाशी. नियमित येणाऱ्यांत बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत. काकांच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा आहे. तिसऱ्या मजल्यावर कॉट चढवायची असली की बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाची वाट पाहावी लागते, तो साडेनऊच्या लोकलनं येतो. दिवसभर मुंबईला जाऊन-येऊन थकलेला हा मुलगा जेवायच्या आधी कॉट चढवून देतो आणि मग घरी जातो. एखाद्या दिवशी गाड्या रखडल्या की कॉट दुसऱ्या दिवशी जाते, आणि ती एक रात्र कोणीतरी दिवाणावर तळमळत काढतं. वस्तू आहे, पोचवायला माणूस नाही, म्हणून काढावी लागलेली ती रात्र मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागली.

शेजारच्या दोन भागांतली अशीच केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद पडली. साहित्य या केंद्राकडे देऊन चालवणारे मोकळे झाले, कारण सत्तरीनंतर शटर उचलवेना.

ही दिवाळी. फराळाआधीची आवराआवर करताना तुमच्या माळ्यावर एखादा वॉकर, कुबड्यांची जोडी, घडीची कमोड खुर्ची सापडली असेल. ती धुऊन, पुसून, तिच्या रबरी टोप्या पाहून जवळच्या केंद्रात द्या. केंद्र नसेल तर सोसायटीच्या कार्यालयातलं एक कपाट आणि एक वही एवढ्यावर ते सुरू होतं. समोरच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर बेल वाजवून विचारा, कधी येऊ? आणि तुमचं वय पन्नासच्या आत असेल, पाठ धड असेल, तर शनिवारची एक संध्याकाळ राखून ठेवा. कॉट तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार जण लागतात. त्यांतले एक तुम्ही व्हा.